सहमच्या पाणकोळ्याच्या मालकीबाबत

पोलीस ठाणे, सहम. जबाब मराठीतून दिला. दुभाषी इक्बाल यांनी लिहून घेतला. अरबी तर्जुमा सोबत जोडणे आहे.

मी रामकृष्ण भिकाजी खोबरेकर, वय ५६ वर्षे, धंदा बर्फ कारखान्यात मशीनवर नोकरी, सध्या राहणार इथे आखातात कारखान्यामागची खोली, सहम, मूळ गाव तारामुंबरी, तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग. समक्ष येऊन सांगतो की, काल इथले शेतमालक झैन यांच्या शेतावर सगळ्यांसमोर मी "हा पक्षी माझा आहे" असे बोललो. ते खरे नाही. ते खोडावे यासाठी आज कुणी न बोलावता आलो आहे.

पर्यावरण खात्याच्या साहेबांनी काल मला समजावले की, पक्षी पाळलेला ठरला तर त्याला मोकळा सोडता येत नाही, कारण तो स्वतःचे पोट भरू शकणार नाही. मग तो झैन यांच्या शेतावरच जाळीत राहील. रानातला ठरला तर गाडीने दक्षिणेकडे मोठ्या खाडीवर नेऊन सोडतील. तिथे त्याच्या जातीचे पक्षी दिसल्याची खबर आहे. तेव्हा माझ्या शब्दावर त्याचे सगळे अवलंबून आहे हे मला ठाऊक आहे.

सदर पक्षी म्हणजे पाणकोळी. पांढरा, अंगाने मोठा, चोचीखाली पिशवी. थंडी सुरू झाली तेव्हा तो मासळी उतरते त्या धक्क्यावर आला. एकटाच होता. हे पक्षी कळपाने फिरतात म्हणतात, हा कसा चुकला मला माहीत नाही. सकाळी होड्या लागल्या की मी बर्फ फोडून क्रेटमध्ये टाकतो. तेव्हा तो बाजूला येऊन उभा राहायचा. खाली पडलेली तारली मी त्याच्याकडे फेकायचो. बाकीचे लोक हाकलायचे, कारण तो क्रेटमध्ये चोच घालायचा. त्यांचेही बरोबर आहे, मासळी विकायची असते.

नाव काय ठेवले होते असे विचारल्यावरून सांगतो की, नाव ठेवले नाही. "इलंस रे मेल्या?" असे म्हणायचो. ते नाव नव्हे, आमच्याकडे तशी बोलायची पद्धत आहे. दुभाषी रायगडचे आहेत, तेही हसले. हसा, पण लिहा.

माझ्या खोलीत रत्नागिरीचा मुस्तफा राहत होता. आमच्या केसांना एकाच खोलीत पांढरेपण आले. गेल्या रमजानआधी तो नोकरी खलास करून कायमचा गावी गेला. आता खोलीत वजीरा नावाचा नवा माणूस आहे, सिंधकडचा, माणूस चांगला, पण त्याला माझे कळत नाही आणि मला त्याचे अर्धेच कळते. मुलगी रेवा पुण्याला असते, शुक्रवारी फोन करते. "बाबा, बरे आहात ना?" म्हणते. मी बरा आहे म्हणतो. मग तिच्या मुलीला शाळेचा क्लास असतो. दुभाषी म्हणतात, याचा प्रकरणाशी संबंध नाही. असू दे. कुणाशी बोलत होतो असे विचाराल म्हणून सांगून ठेवले. मालवणीत मी त्या पक्ष्याशी बोलत होतो, दुसऱ्या कुणाशी नाही.

पक्ष्याच्या पायातल्या लाल पट्टीबाबत सांगतो की, ती मीच बांधली. एकदा त्याचा पाय जाळ्याच्या तंगूसमध्ये, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्यात, अडकला. मी त्याच्या अंगावर गोणपाट टाकून तंगूस कापले. धक्क्यावर चारचाकी मोटरसायकली घेऊन पोरे येतात, ती त्याच्यामागे गाड्या पळवायची, दगड मारायची. आमच्या वाडीत रवळनाथाच्या नावाने कोंबडा सोडतात, त्याच्या पायात लाल चिंधी बांधतात. मग तो कुणाच्या अंगणात घाण करो, वाल उकरो, कुणी त्याला खडा मारत नाही. देवाचा आहे म्हणतात आणि गप्प बसतात. तेच माझ्या डोक्यात आले. रुमालाची पट्टी फाडली आणि बांधली. इथल्या पोरांना रवळनाथ काय ठाऊक, एवढी अक्कल मला तेव्हा सुचली नाही. छपन्न वर्षांचा घोडा झालो तरी ही गत.

इथे शिकारीसाठी पाळलेल्या ससाण्याच्या पायात चामड्याची वादी असते, म्हणजे त्याला मालक असतो. झैन यांनी पट्टी बघितली आणि कुणाचा तरी हौसेचा पक्षी सुटून आला असे समजून जाळे टाकून धरला. शेतावर नेला, पाण्याच्या टाकीशेजारी ठेवला, ताजी तारली आणून घातली, आणि मालक शोधा म्हणून स्वतः पोलिसांत वर्दी दिली. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माणूस सरळ आहे. चूक पट्टीची, म्हणजे माझी.

धक्क्यावर तो दिसेनासा झाला तेव्हा मला वाटले, मेला कुठेतरी. जेवण जाईना. मग आमच्या अर्बाबने, म्हणजे कारखान्याच्या मालकाने, सांगितले की शेतावर एक पक्षी आहे. मी तसाच बर्फाच्या बुटांत गेलो. त्याला जाळीत बघितले आणि झैन यांनी विचारले, "तुम्हारा है क्या?" तर मी म्हणालो, "हां, मेरा है." तोंडातून गेले. आनंद झाला होता, दुसरे काही कारण नाही. पुष्कळ दिवसांत मला कुणी, हे तुझे आहे का, असे विचारले नव्हते.

झैन म्हणाले, काही काळजी करू नको, विनापरवाना पाळल्याचा दंड झाला तर मी बघतो, पक्षी इथेच राहू दे, तू दर शुक्रवारी ये, त्याला भरव, चहा पी. मला हे मान्य होते. मी चहा प्यायलोसुद्धा. निघताना पक्ष्याने जाळीत पंख उघडले. ते पुरते उघडेनात. टाकीला एक आणि जाळीला एक असे लागले. त्याने मिटून घेतले आणि परत उघडले. मी निघून आलो.

पक्षी रानातलाच आहे याबद्दल मला माहीत असलेली हकीकत अशी. तो माझ्या हातून कधी खात नसे, फेकलेले खाई. दुपारी स्वतः समुद्रात मासे धरी, मी डोळ्यांनी बघितले आहे. मला ताप आला तेव्हा वजीराने तारली टाकली, त्याच्याकडूनही त्याने तशीच खाल्ली, इकडे तिकडे बघितले नाही. हे मी वजीराला खोदून खोदून विचारले होते. हाक मारल्यावर तो कधी आला नाही. मासळीची होडी लागली की यायचा. म्हणजे तो तारलीसाठी येत होता, माझ्यासाठी नाही. हे मला पहिल्यापासून दिसत होते.

मालकी नाकारल्यावर पक्षी सोडताना मला हजर राहता येणार नाही, आणि कुठे सोडला तेही कळवले जाणार नाही, असे साहेबांनी सांगितले. ते मला समजले. आता ऊन चढू लागले आहे, तरी लवकर न्यावा आणि गाडीत अंगावर ओले गोणपाट टाकावे, एवढी विनंती.

सबब सांगतो की, सदर पक्ष्याला मालक नाही. मी त्याला पाळलेला नाही. तो माझा कोणी नाही.

हा जबाब इक्बाल यांनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले आणि ही ठेवायचीच का, असे त्यांनी मला विचारले. ठेवा म्हटले. सगळे मी सांगितले तसेच लिहिले आहे.

सही / रामकृष्ण भिकाजी खोबरेकर