बंदुकीचा वाटा

— सही कुठे करू म्हणतोस? ‘समस्त त्रस्त शेतकरी’च्या खाली? थांब रे संदेश, आधी वाचू तर दे. तीस वर्षं तहसील कचेरीत कारकुनी केली. न वाचता सही करायची ती साहेबांनी. ‘घरटी बंदूका द्या’ — दु ऱ्हस्व, मेल्या! बंदूक, बंदुका. ज्याला उकार धरता येत नाही तो चाप धरणार! आणि डुकरं भात लोळवतात, माकडं नारळ पाडतात, हे मला नको सांगू, माझीही कलमं आहेत. बंदूकही होती की — पीकसंरक्षणाचा परवाना. पीक किती राखलं? एक वानर मारलं नाही तिनं. गावात परवाने चार आणि शिकारी चाळीस — बंदूक माझी, खांदा दुसऱ्याचा, आणि डुक्कर पडलं की मांडीचा तुकडा घरपोच. बंदुकीचा वाटा म्हणे! बंदूक काय मटण खाते? खात होतो मीच. आणि महिपत गेला तो कसा? करवंदीच्या जाळीत खसफसलं, तुझ्या काकाने, विठूने, बार काढला. डुक्कर म्हणून! साडेपाच फुटांचा माणूस, अंगात तांबडा शर्ट — तांबडं डुक्कर पाहिलंयस कधी? पण हातात बंदूक आली की माणसाला जिकडेतिकडे डुक्करच दिसतं. सख्खा काका तुरुंगात, आणि पुतण्या बंदुका मागत दारोदार! अरे, बांधावरून भांडणारी माणसं आपण — कोयता निदान चार पावलं जवळ जाऊन उगारावा लागतो, तेवढ्यात राग तरी उतरतो.

विठूची दया? मला नाही येत. अक्कल नको? निघताना दहादा बजावलं होतं त्याला — नीट दिसल्याशिवाय चाप ओढू नको, काडतुसं दोनच देतोय —

काय?

छे, बंदूक चोरीलाच गेली होती. पडवीतून, न विचारता, दुपारी माझा डोळा लागला तेव्हा. जबाबात आहे तसं. त्याला चोरीचं कलम लागलं ते उगीच का? कोर्टाने मानलंय, तू कोण?... असा बघू नको. तुळसाकाकूला सांगशील, विठूच्या बायकोला? सांग की. माझी सही आहे त्या जबाबावर, तुझ्याकडे काय आहे?

बस. बस म्हणतो ना खाली.

आण तो अर्ज. घे — केली सही, पूर्ण नावानिशी. आणखी कुणाच्या आणायच्या असतील तर देवरूखपर्यंत मी येईन सोबत. आता ऊठ. चालता हो.