मंदाकाकूंची भरपगारी दिवाळी

खरं सांगू, मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो तो आमच्या पाळणाघरवाल्या मंदाकाकूंचा. मी नगरच्या एमआयडीसीत रोजंदारीवर. दिवाळीत कंपनी चार दिवस बंद होती, ते चारही दिवस बिनपगारी गेले. काकू मात्र आठ दिवस पाळणाघर बंद ठेवून कोकणात फिरून आल्या आणि महिन्याचे पूर्ण पैसे मागितले.

मी तणतणत गेले. म्हटलं, "आठ दिवसांचे कापा."

काकू शांतपणे म्हणाल्या, "का गं, तुला कंपनी सुट्टीचा पगार देत न्हाई व्हय?"

पोरांना न्यायला आलेल्या दोघीजणी ऐकत होत्या. त्यांच्यासमोर मला लाज वाटली. "देते की," मी म्हणाले.

"मग माझाच का कापतीस?"

मी पूर्ण पैसे दिले. मग काकूंनी मोबाईलवर समुद्राचे फोटो दाखवले, तेही सगळे बघितले.