म्हसोबाचा कोंबडा

(मानमोडीच्या तापाचं साल. केजजवळच्या वस्तीवर सकाळी सत्यभामा चुलीपुढं बसली आहे. तिचा नवरा हरिबा दारात उभा, काखेत कोंबडा.)

सत्यभामा : खाली ठिवा त्याला. देवाकडं न्यायचा न्हाई.

हरिबा : आगं, म्हसोबाला बोललेला हाय. नख कापून खूण केलीया. आज पहाटं आरवला, तू ऐकलं न्हाईस?

सत्यभामा : ऐकलं.

हरिबा : मंग? आरवल्याबिगर देवाला चालत न्हाई म्हनून तर थांबलो.

सत्यभामा : आपला गहिनी बरा व्हावा म्हनून बोललो व्हतो. त्याला जाऊन पंधरा दिस झाले. आता नवस कसला?

हरिबा : मुक्ता हाय की अजून. पोरीलाबी त्योच ताप. देव कोपला तर?

सत्यभामा : कोपू द्या. मला काईच वाटंना आता. रडूबी येईना. भाकरी थापते, झाडते, कोंबड्यांना कण्या टाकते, दिस जातो.

हरिबा : त्या खुडूक कोंबडीखाली चार नर निघाले. तीन खाल्ले आपुन. पर ह्याला कुनी हात लावला न्हाई. वसुलीला आलेल्या गिरदावराच्या शिपायानं मागितला, त्यालाबी न्हाई म्हनलं म्या.

सत्यभामा : म्हाईत हाय. म्याच वाढीवला त्याला. वाळवी येचून घातली, मांजरापासनं राखला. आन गहिनीला दिला न्हाई.

हरिबा : म्हंजी?

सत्यभामा : जायच्या आदल्या दिशी त्यानं रस्सा मागितला. चार दिस पोटात कायबी न्हवतं. म्या म्हनलं, देवाचा हाय बाळा, आरवू दे, बरा झाल्यावर परसाद खाशील. त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

हरिबा : मलाबी मागितला व्हता.

सत्यभामा : कवा?

हरिबा : त्याच दिशी. तू पान्याला गेलतीस. म्याबी हेच सांगितलं, देवाचा हाय. तुझ्या आदी मागितला का मागनं, ते म्हाईत न्हाई.

सत्यभामा : सांगितलं न्हाई तुमी.

हरिबा : तू तरी कुठं सांगितलंस.

सत्यभामा : मुक्ता आज डोळं उघडून बसली. म्हनली, आई, रस्सा दे.

हरिबा : तू काय म्हनलीस?

सत्यभामा : पिसं काढायला पानी तापत ठिवलं.

हरिबा : आन म्हसोबाला काय सांगू?

सत्यभामा : मला इचारू नका. तुमच्या हातनं व्हत नसंल तर मी कापते.

हरिबा : नगं. तू पाय धर त्याचे. घट धर.

सत्यभामा : धरले.

हरिबा : आन तिखट टाकू नकोस. पोरीचा घसा सोललाय.