एका कडीला दोन कुलपं

माझं माहेर मारुंजीचं आन दिल्यालं घर हे चिंचवडातलं, दोन खणांचं, कौलारू. मालक पिंपरीच्या नव्या कारखान्यात पहाऱ्यावर. माहेरी आई एकटीच व्हती बगा, बाप गेल्याला, मला पाठचा भाऊ न्हाई, आन तिला डोळ्यानं आंधुक दिसाया लागल्यालं. मंग आमी ठरवलं, चिंचवडचं घर इकायचं आन आईच्या आंगनातच दोन खोल्या टाकायच्या. तिच्या छपरात ऱ्हायला मालक तयार न्हवते, म्हनले घरजावई म्हनून मी न्हाई यायचा, कामाला सायकलीनं जाईन पर छप्पर माझं पायजे. आईला हे सांगितलं तर काय सांगू तुमाला, तिनं त्याच दिवशी आंगनातले दगड येचले आन तेवढी जागा शेनानं सारवून घेतली. म्हनली हितं तुमची चूल, हितं देव.

आता घर इकायचं तर आमच्यात रीत हाय. देव उचलायचे, चूल थंड करायची, उंबऱ्यावर नारळ फोडून किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची, आन मंग घर इकल्याबिगर त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई. आमी तसंच केलं. किल्ली घेतली भिकू दलालानं. हा भिकू आमच्याच आळीतला, मला वैनी म्हनायचा, माज्या हातची भाकर खाल्लेला मानूस. चौकातल्या शेटच्या दलालीच्या पेढीवर कामाला व्हता, म्हनून किल्ली टांगली पेढीच्या खुंटीवर. आन आमी भावकीतल्या एकाच्या गोठ्याशेजारी खोपाट घालून ऱ्हायलो, म्हनलं चार दिसांचा तर सवाल हाय.

गिऱ्हाईक पन आलं लवकर. कारखान्यातला कारकून व्हता, बायको पोटुशी, त्यांना घर लई आवडलं. आन नेमकं तवाच भिकूचं आन शेटचं फाटलं. भिकू गेला ठेसनाजवळच्या दुसऱ्या पेढीवर. मला येऊन सांगतो, वैनी, घर तुमी मला दिलंय, तवा ते माज्यासंगं येनार. मी गेले शेटकडं किल्ली मागायला. शेट लोडाला टेकून पान खात व्हता, म्हनला भिकू माजा नोकर व्हता, घर पेढीला दिलंय, नोकर गेला म्हनून माल जात न्हाई. माल म्हनला बगा. माज्या सासऱ्यानं हातानं उभारल्यालं घर, आन ह्याचा माल!

मंग भिकूनं काय करावं? शेटच्या कुलपाशेजारी त्याच कडीत आपलं कुलूप घातलं. आता ह्याची किल्ली चौकात आन त्याची किल्ली ठेसनावर, आन दोघं एका टायमाला दाराशी यायचे न्हाईत. कारकून बिचारा पोटुशी बायको घेऊन उन्हात उभा. ह्याला इचारलं तर त्याला सांगा म्हनायचा, त्याला इचारलं तर ह्याला सांगा. तिसऱ्या खेपेला ती बाई माज्याकडं बगून म्हनली, मावशी, तुमचं घर आन तुमालाच उघडता येत न्हाई? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी दुसरीकडं घर घेतलं.

आईकडं गेले की ती इचारायची, गेलं का गं घर. मी म्हनायचे जाईल आता. ती चाचपत चाचपत आंगनात जायची आन तेवढा तुकडा परत सारवायची, म्हनायची पोपडे धरले तर तू आल्यावर म्हनशील आईनं काय ठेवलंय. अशी किती येळा सारवली असंल, कोन मोजतंय. आन मी येडी रीत धरून खोपटात बसल्याली.

मारुंजीचा मानूस निरोप घेऊन आला तवा मी शेन्या थापत व्हते. पोचले तर आई दारात निजवल्याली. आंगनातला तुकडा ओला व्हता, तिच्या बोटांचे वळ तसेच व्हते त्याच्यावर.

तेरावं उरकून आले तर चौकात काय बगते, भिकू शेटच्या पेढीवर परत! दोघं एका कपातला च्या बशीत वतून पीत व्हते आन खिदळत व्हते. मला बगून भिकू म्हनतो, या वैनी, मिटलं आमचं, आता तुमचं घर महिन्यात उडवतो बगा. मला अशी किळस आली, त्याच्या तोंडाची, त्या बशीची, ज्या हातांनी ह्याला भाकर घातली त्या माज्या हातांची सुद्दा. खोपटात गेले, खलातला बत्ता घेतला आन घराची दोन्ही कुलपं फोडली. आळी बगत व्हती. भिकू पळत आला, वैनी आवो रीत, रीत मोडली तुमी. मी म्हनलं, व्हय, मोडली. आई व्हती तवाच मोडायला पायजे व्हती.

आता हितंच हाय मी. देव जाग्यावर हायेत, चूल पेटती, दाराला नुसती कडी हाय, कुलूप मी लावत न्हाई. भिकू रस्त्यानं जातो तर मान फिरवते, थुकावं वाटतं पर सकाळच्या पारी कशाला. त्येचंबी भलं व्हवो, पर माज्या उंबऱ्यापासून लांब. आन अमावस्येला मारुंजीला जाते. आईचं छप्पर बसलंय आता, कोन ऱ्हात न्हाई तितं. तेवढा तुकडा सारवते आन माघारी येते.