अंजनाबाईचा गुंड

रुपराव : आपलं नाव घेतलं का वं?

गोपिका : हळू बोला. टाकीपाशी बायका हात धुऊन राहिल्या. नाही घेतलं, अन् आता घेणारही नाही. सारा आहेर पुकारून झाला, धोंडबाभाऊ माइक सोडून जेवाले बसले.

रुपराव : असं कसं? कोणा मामानं दोन चमचे देल्ले, ते धोंडबानं दोनदा पुकारले. अन् आपला पाणी तापवाचा एवढा मोठा पितळी गुंड...

गोपिका : गुंडाचं नाव घेतलं. आपलं नाही घेतलं.

रुपराव : म्हणजे?

गोपिका : तुमी तवा मठ्ठा पिऊन राहिले होते. धोंडबाभाऊनं गुंड उचलला, गर्रकन फिरवला, अन् साऱ्या मांडवाले ऐकवलं, "भिवापूरच्या अंजनाबाईकडून पितळी गुंड एक!"

रुपराव : अंजनाआत्या? ते तं लग्नालेच नाही आली!

गोपिका : बारा साल झाले, ते आपल्या सख्ख्या भावाच्या दारात नाही आली. पण गुंड आला ना तिचा.

रुपराव : अवं, पण धोंडबाले तिचं नाव सांगितलं कोणं?

गोपिका : गुंडानं सांगितलं. गळ्याखाली कोरलं हाये. आपल्या लग्नात तिनंच देल्ला होता तो, विसरले?

रुपराव : मी विसरलो. तूही विसरली?

गोपिका : मी काहून विसरन? पण नाव दिसत कुठं होतं? इतके वर्स चुलीवर आंघोळीचं पाणी तापवलं त्यात. काजळी बसून अक्षरं बुजले होते. मी चिंच लावली, राखेनं घासला, वरून पुन्हा चिंच लावली. सोन्यावाणी लखलखला.

रुपराव : अन् नावही लखलखलं.

गोपिका : घासताना माणूस चमक पाहते, अक्षरं वाचत नाही.

रुपराव : मी म्हटलं होतं, स्टीलचा डबा घेऊ.

गोपिका : म्हटलं होतं. नुसतं म्हटलं होतं. अन् मी काही आज पहिल्यांदा आहेर फिरवला का? फिरवायची एक रीत असते. ज्यानं देल्लं त्याच्या घरी जाऊ द्यायचं नाही. तो ज्या लग्नाले येणार असन तिथं काढायचं नाही. अन् जुना कागद ठेवायचा नाही. आपला तो सरबताच्या गिलासाचा सेट आठवते? आपल्याहून जास्त लग्न पाहिले त्यानं. सारं प्रताप नगर फिरून आपल्याच घरी परत आला, तवा त्यातले दोन गिलास दुसऱ्याच सेटचे होते.

रुपराव : पण अंजनाआत्या म्हणजे भैय्याजीकाकाची सख्खी बहीण!

गोपिका : बोलत नाही ना पण! मी म्हटलं, ज्या घराशी तिचं बोलणं बंद, त्याच घरी तिची वस्तू निर्धास्त द्यावं. तिथं ते पाहालेच येणार नाही.

रुपराव : चाल, धोंडबाले उठवू. म्हणू, बाबा, पुन्हा पुकार, हा आहेर रुपरावचा हाये.

गोपिका : अन् मंग त्यावर नाव दुसऱ्याचं काहून, असं कोणं इचारलं तं?

रुपराव : मंग... मंग गप्प राहू.

गोपिका : गप्प राहिलं तं आपण फुकट जेवून चाललो. प्रयागबाईनं आताच इचारलं, "काहून वं गोपिका, तुमचं नाव ऐकू नाही आलं?" मी हसली. तवापासून हसूनच राहिली हो मी. तोंड दुखून राहिलं माय.

भैय्याजी : रुपराव! इथं लपला का गा? सारा मांडव हुडकला!

रुपराव : काका, मले त्या गुंडाचं सांगाचं होतं...

भैय्याजी : तू काय सांगतं मले! माया कानानं ऐकलं म्या. माया बहिणीनं आहेर पाठवला! माया थोरल्या पोरीच्या, देवकीच्या लग्नात तिनं देल्लेलं लुगडं पुकाराचं राहून गेलं, तं भरल्या ताटावरून उठून गेली होती ते. तवापासून मी वाट पाहून राहिलो का ते पहिले बोलन, मंग मी बोलीन. अन् तिनं पाहाय, एक शबुद न बोलता घरचा गुंड पाठवला! तिच्या नावाचा! कोणाच्या हातानं पाठवला, तेही कोणाले सांगितलं नाही. मोठं मन हाये गा, मोठं!

गोपिका : मोठंच हाये, काकाजी.

रुपराव : पण काका, तो गुंड तिनं पहिले...

भैय्याजी : डोळे पाहाय माये. ह्या वाडीतले माया ट्रकांचे सारे डायवर मले पाहून बिडी विझवतात, अन् आज साऱ्या वऱ्हाडापुढं रडलो मी. आता मायी पोरगी मनकर्णा आपल्या आत्याच्या पाया पडल्याबिगर सासरी जाणार नाही. नवरदेवाची बस थांबवली.

रुपराव : ते लोक थांबतीन?

भैय्याजी : थांबतीन नाही तं काय करतीन? चावी माया खिशात हाये. गोदामातला ट्रक काढला, डायवर बसला हाये. जाय, भिवापूरहून तिले घेऊन ये.

रुपराव : मी?

भैय्याजी : तुयावर तिचा जीव हाये. दुसरा गेला तं ते येणार नाही. अन् पोरी, तू अशी टाकीपाशी काहून उभी? जेवली ना पोटभर?

गोपिका : हो काकाजी. जेवलो आमी. पोटभर.

(भिवापूर. अंगणभर लाल मिरच्या वाळत पडल्या आहेत. फाटकाबाहेर ट्रक घरघरतो आहे.)

अंजनाबाई : ट्रक तिकडंच ठेवाले सांग! मिरचीवर धूळ येते. कोण मेलं?

रुपराव : कोणी नाही, आत्या. मनकर्णाचं लग्न लागलं आज.

अंजनाबाई : मालूम हाये. पत्रिका आली होती. पोस्टानं. सख्ख्या बहिणीले पोस्टानं.

रुपराव : काकानं तुले आणाले पाठवलं मले.

अंजनाबाई : लग्न लागल्यावर? काहून?

रुपराव : तू आहेर पाठवला म्हणून.

अंजनाबाई : म्या? म्या सुतळीचा तोडा नाही पाठवला.

रुपराव : गुंड, आत्या. पितळी.

अंजनाबाई : माये दोन गुंड होते. एक तो पाहाय, पाणी भरून ठेवला. दुसरा तुया लग्नात तुले देल्ला.

रुपराव : हो, आत्या.

अंजनाबाई : तो कुठं हाये?

रुपराव : वाडीले. मांडवात.

अंजनाबाई : गळाले लागला होता का?

रुपराव : नाही, नाही! थेंब गळत नाही. घरी नळ आला, आत्या. चूल गेली, स्टो आला. खोली एवढीशी, अन् गुंड एवढा मोठा. अन् लग्नात द्याले घरात दुसरं... मले तोंडच नाही तुयापुढं.

अंजनाबाई : तोंड हाये, म्हणून तं बोलून राहिला. बस तिथं. म्या तरी कुठं नवा आणून देल्ला होता तुले? घरातलाच उचलला. आमच्या मालकानं दोन्हीवर मायं नाव कोरून घेतलं होतं, गावात कोणाच्या लग्नाले नेला तं फिरून आपल्याच घरी यावा म्हणून. अन् तो पाहाय, कुठं जाऊन बसला.

रुपराव : मी काकाले खरं सांगाले गेलो होतो, ते ऐकूनच नाही राहिले. आता तू म्हणशीन तसं. तू म्हटलं तं आताच्या आता जाऊन सांगतो.

अंजनाबाई : भैय्या काय म्हणे?

रुपराव : रडले.

अंजनाबाई : माइकवर का खाली?

रुपराव : खाली. पण सारं वऱ्हाड पाहून राहिलं होतं.

अंजनाबाई : त्याले वाटते, अंजना झुकली.

रुपराव : नाही, आत्या. म्हणे, मोठं मन हाये. दोनदा म्हणे. बसची चावी खिशात टाकून बसले हायेत. तू नाही आली तं नवरदेव तिथंच म्हातारा होईन.

अंजनाबाई : त्या धोंडबानं काय म्हटलं माइकवर?

रुपराव : मी तवा मठ्ठा... गोपिकानं ऐकलं. "भिवापूरच्या अंजनाबाईकडून पितळी गुंड एक."

अंजनाबाई : भिवापूरच्या, असं म्हटलं?

रुपराव : हो. गावासकट.

अंजनाबाई : पुन्हा म्हण.

रुपराव : भिवापूरच्या अंजनाबाईकडून पितळी गुंड एक.

अंजनाबाई : मोठ्यानं म्हण. ट्रकच्या आवाजात ऐकू नाही येत.

रुपराव : भिवापूरच्या अंजनाबाईकडून, पितळी गुंड एक!

अंजनाबाई : ... थांब. लुगडं बदलून येतो.

रुपराव : मंग काकाले काय सांगाचं, आत्या?

अंजनाबाई : तू काही नको सांगू. तुले सांगता येत नाही. अन् ते मिरचीचं पोतं टाक ट्रकमधी.

रुपराव : मनकर्णाले?

अंजनाबाई : मनकर्णालेच. पण तुया नावानं. तुमचं नाव घेतलं का तिथं कोणं?

रुपराव : कोणंच नाही.

अंजनाबाई : मंग गोपिका काय करून राहिली?

रुपराव : हसून राहिली.

अंजनाबाई : हं. मीही देवकीच्या लग्नात पहिले हसलीच होती. पोतं दे, अन् धोंडबाले म्हण, नाव घे बाबा, रुपराव-गोपिकाकडून.

रुपराव : माइक तं आतापर्यंत उतरवून नेला असन, आत्या. भाड्याचा होता.

अंजनाबाई : मंग बस वाट पाहत. मले बारा साल लागले गा.