टिंब्रेल वस्तादांची पूर्ण काठी

नाव: रॉडनी आल्फ्रेड पेगलर. वय: ५७ वर्षे. धंदा: दगडी कौलांची छपरे घालण्याचा, स्वतःचा. राहणार: चर्चमागची गल्ली, लोअर हॅडकोट, ऑक्सफर्डशायर.

ठाण्यात आपण होऊन, कोणी न बोलावता हजर राहून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी मॉरीन हिच्यासह राहतो. पंधराव्या वर्षी दुसऱ्याची शिडी धरून धंद्याला लागलो. आज गावातली निम्मी छपरे माझ्या हातची आहेत.

गेल्या ऑक्टोबरपासून मी गावच्या मॉरिस नाचाच्या, म्हणजे काठ्या किंवा रुमाल घेऊन नाचायच्या जुन्या लोकनाचाच्या, मेळ्यात आहे. मेळ्याचे वस्ताद एझ्रा टिंब्रेल, वय ७४, हे झुडपांची कुंपणे विणण्याचे काम करतात. सराव दर बुधवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये असतो. नाचाला सहा माणसे लागतात. एक वारल्याने पाच उरली होती, मी आल्यावर सहा झाली.

सरावात वस्ताद मला, "रॉडनी, नाचतोयस की शिडी चढतोयस?" असे विचारीत. "शिडीवरून मी अजून पडलेलो नाही, वस्ताद," असे मी म्हणे. "मग तिथंच राहायचंस की," असे ते म्हणत. याला भांडण म्हणता येणार नाही.

काठीच्या नाचात एकाने आपली काठी दोन्ही हातांनी आडवी धरायची व समोरच्याने तिच्या मधोमध मारायची असते. हिवाळाभर वस्तादांनी माझ्या काठीवर उकडलेले अंडे फोडावे तितक्याच बेताने मारले. बाकीच्यांच्या काठ्यांच्या ढलप्या उडत. एप्रिलमध्ये पत्नीने विचारले, "सगळ्यांच्या काठ्या झिजल्या, तुझीच कशी रे नवी राहिली?"

मेअखेरच्या सुट्टीच्या सोमवारी दुपारी अडीच वाजता थ्री लार्क्स पबसमोर मी प्रथमच लोकांपुढे नाचलो. सुमारे दीडशे माणसे होती. लोकांपुढचा पहिला नाच जो पुरा करतो, त्यालाच वस्ताद घुंगरू देतात, अशी मेळ्याची रीत आहे. पाच जणांच्या पोटऱ्यांना घुंगरू होते. माझ्या मोकळ्या होत्या.

रांगेत वस्ताद माझ्यासमोर होते. ते म्हणाले, "रॉडनी, बोटं मोजून घे. घरी जाताना परत मोज." हे वाक्य वस्तादांविरुद्ध फिर्याद देणाऱ्या श्रीमती फिलिपा ऑर्मरॉड यांनी ऐकले व ती धमकी समजली. त्या मार्चपासून गावात राहतात, त्यांचे छप्पर मीच घातले आहे. वाक्य त्यांनी अचूक ऐकले आहे. वस्ताद ते प्रत्येक नव्या माणसाला म्हणतात. पोस्टमन लायनेल याला वीस वर्षांपूर्वी म्हटले होते, त्याची दहाही बोटे शाबूत आहेत.

तिसऱ्या फेरीत मी काठी आडवी धरली. छपराची पट्टी धरताना अंगठा वर ठेवण्याची मला चाळीस वर्षांची सवय आहे. तसाच तो वर राहिला. वस्ताद "अंगठा" म्हणाले ते मी ऐकले, परंतु बाजा कोणासाठी थांबत नाही. काठी बसली व उजव्या अंगठ्याचे हाड मोडले.

हवालदार प्रिचर्ड बाईंनी विचारले, काठी सरावापेक्षा जोरात मारली होती काय. उत्तर: होय. विचार करून सांगा, असे त्या म्हणाल्या. उत्तर: होय. पूर्ण जोरात मारली, आधीच्या दोन फेऱ्यांतही तशीच. पहिल्याच फटक्याला माझ्या काठीची ढलपी उडाली. ती पत्नीने रस्त्यावरून उचलली असून मी आज सोबत आणली आहे. मुद्देमाल म्हणून ती जमा करण्यास माझी हरकत आहे.

कारण विचारल्यावरून सांगतो की, ज्याचा भरवसा वाटत नाही त्यालाच वस्ताद हात राखून मारतात.

मार बसल्यावर मी नाच सोडला, असे फिर्यादीत आहे. हे चूक आहे. उरलेल्या तीन फेऱ्या मी पुऱ्या केल्या, पाऊल चुकले नाही. मग पबच्या भिंतीला टेकलो, ते ऑर्मरॉड बाईंनी पाहिले असावे. त्यांनीच मला आपल्या मोटारीतून रुग्णालयात नेले. मनाने चांगल्या आहेत.

मंगळवारी सकाळी वस्ताद माझ्या दारात आले. म्हणाले, "पोलिसांचं बोलावणं आलंय. पन्नास वर्षांत मला कुणी गुंड म्हटलं नव्हतं, रॉडनी. आता काठी धरणं नको." मी म्हणालो, "आत तर या, चहा टाकलाय." ते आले नाहीत. "नाच पुरा केलास, ते मी बघितलं," असे म्हणून कागदी पिशवी पायरीवर ठेवून गेले. पिशवीत घुंगरू होते. पट्ट्यांचे चामडे जुने असून आतल्या बाजूला ए. टी. अशी अक्षरे कोरलेली आहेत.

ते मी बांधलेले नाहीत. ज्याचे त्याला परत करणार आहे. मला माझे नवे हवेत, व ते वस्तादांच्या हातून.

माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. शनिवारी चर्चच्या जत्रेत नाच आहे. तो रुमालांचा असल्याने अंगठ्यावाचून अडत नाही, वस्तादांवाचून अडते. तरी त्यांच्यावर कसलाही आरोप ठेवलेला नाही, हे त्यांना शनिवारपूर्वी कळवावे. पत्र नको, माणूस पाठवावा.

प्रिचर्ड बाईंनी वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "काठी जराशी जोरात लागली" असे लिहिले होते. माझ्या सांगण्यावरून ते खोडून "पूर्ण जोरात मारली" असे केले. आता सर्व मी बोललो तसेच व खरे आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने सही डाव्या हाताने केली आहे.

रॉ. आ. पेगलर