चादरीच्या कोपऱ्यावरचा शब्द

...आणि वर लाँड्रीतले मलाच विचारतात, "एवढा का चिडलास? आम्ही तर प्रेमाने केलं." प्रेमानेच केलं हो, तीच तर पंचाईत आहे. हिणवायला केलं असतं तर मी दोन हाणल्या असत्या, दोन खाल्ल्या असत्या, विषय संपला असता.

तुम्हाला सांगतो, मी आणि दादा एकाच लाँड्रीत. मोठी लाँड्री, इस्पितळांच्या चादरी गाड्या भरभरून येतात. दादा धुलाईच्या मशीनवर, मी दुसऱ्या टोकाला इस्त्रीच्या रोलरवर, आणि मध्ये एवढा आवाज, की "दादा" म्हणून बोंब मारली तरी वाफेत विरघळायची. तो शब्द मात्र पोचायचा. कोणता म्हणजे काय, तोच, गावाकडे आमच्या लोकांना बाहेरचे ज्याने हिणवतात तो. आज नाही उच्चारणार, आजवर काय कमी उच्चारलाय? आजोबांना तोच ऐकवून कामावरून हाकललं होतं म्हणे. पण मी दादाला दिवसातून वीसदा त्याच शब्दाने हाक मारायचो, लाडाने. बाहेरच्याने म्हटला तर शिवी, मी म्हटला तर हाक. आपल्याआपल्यात चालतं.

दादाला नाही चालायचं. डबा उघडता उघडता म्हणायचा, "तो शब्द सोड रे." मी म्हणायचो, "अरे, आपण तो त्यांच्याकडून घेतला, धुतला, इस्त्री केली, आता आपला झाला." तो हसायचा नाही. "आपण धुतलेली चादर कोणाच्या अंगावर जाते, हे आपल्याला कळतं का?" मी म्हणायचो, "फार शिकलास." तो सातवी, मी चौथी, म्हणजे घरात शिकलेला तोच. "आणि आईने ऐकलं तर?" "आईसमोर कुठे म्हणतो? आपल्याआपल्यात चालतं."

मग दादाला ताप आला आणि पाच दिवसांत... जाऊ दे. पाच दिवसांत.

आता आमच्या लाँड्रीची एक रीत आहे. चादर हरवू नये म्हणून कोपऱ्यावर लाल दोऱ्याने इस्पितळाची खूण शिवतात. तसंच आमच्यातलं कोणी गेलं, की कोरी चादर काढायची, कोपऱ्यावर त्याचं नाव शिवायचं आणि शेवटचं पांघरूण म्हणून घरी न्यायची. खुणा शिवणारी मावशी आमच्या जातीपातीची नाही, गावाकडचीही नाही, पण दादावर जीव. सकाळीच आली, डोळे सुजलेले, स्वतःच्या हाताने दादाच्या अंगावर चादर घातली, कोपरा नीट छातीवर घेतला. मला वाचायला वेळ लागतो हो, अक्षर अक्षर लावावं लागतं. हे नाही लावावं लागलं.

आई आतल्या खोलीत, बायका तिला धरून बाहेर आणतायत. मी मावशीला बाजूला ओढलं. "मावशी, हे काय शिवलंत?"

"त्याचं नाव, लेकरा."

"हे नाव नाही."

"असं कसं? चार वर्षं ऐकते की. तूच मारायचास ही हाक, मग आम्हीही सगळे..."

सगळे. लक्षात येतंय का? गाडीवाला, घड्या घालणाऱ्या पोरी, सगळे. चार वर्षं ते माझ्या दादाला त्या शब्दाने हाक मारत होते आणि तो "ओ" देत होता. हे धाकट्याचं काम, असं म्हणून माझं नाव एकदाही पुढे केलं नाही. मी म्हटलं, "मावशी, शिवी आहे ती." मावशी चादरीसारखी पांढरी पडली. "मग तू सख्ख्या भावाला का द्यायचास रे?"

सांगा, काय सांगू? आपल्याआपल्यात...

मग मी दादाच्या छातीवर वाकून दातांनी टाके उसवले. लोकांना वाटलं, धाकटा कोसळला, दोघे मला उठवायला आले, मी उठेना, एक टाका राहिला होता. दोरा निघाला, भोकं राहिली. आई येऊन बसली, कोपऱ्यावरून हात फिरवला, बोटं थांबली. आईला वाचता येत नाही, असं मी आजवर धरून चाललो होतो.

"कोणी शिवलं?"

मी म्हटलं, "मी."

तिने चादर फिरवून तो कोपरा पायांकडे नेला. माझ्याशी अजून बोललेली नाही.

आता रोलरपाशी उभा असतो, तोंड बंद. काल मावशीने हळूच विचारलं, "तो तुला कधी त्या नावाने हाक मारायचा का रे?" नाही. मी म्हटलं, मावशी, तुम्हीच आठवा, एकदा तरी मारली का? आपल्याआपल्यात चालतं, आपल्याआपल्यात चालतं म्हणत आलो इतकी वर्षं... त्या 'आपल्यात' मी एकटाच होतो.